आधी साडी, मग आई

ताईच्या दिल्लीतल्या, द्वारकेच्या फ्लॅटमधल्या एका खोलीत भिंतीवर काहीही टांगलेलं नाही. भिंती राखाडी, पडदे राखाडी, उत्तरेच्या खिडकीसमोर एक स्टूल आणि त्यापुढे आरसा. आठवडाभर ताई गुडगावच्या एका कंपनीत नोकरभरतीचं काम बघते आणि रविवारी या खोलीत बायकांचे रंग ठरवते. बाई तोंड धुवून, काहीही न लावता स्टुलावर बसते. ताई तिचे केस पांढऱ्या फडक्यात बांधते आणि हनुवटीखाली एकामागून एक कापडाचे तुकडे धरत जाते. कोणत्या रंगाने चेहरा मोकळा होतो, कोणत्याने डोळ्यांखाली सावली पडते, हे बघते. तासाभराने निकाल लागतो : तुम्ही स्प्रिंग, तुम्ही समर, तुम्ही ऑटम, तुम्ही विंटर. त्यांतही पोटभेद आहेत. ज्यांची त्वचा, केस, डोळे सगळंच फिकं, त्या ‘लाइट’. लाइट स्प्रिंगला पिवळसर छटेचे हलके रंग, लाइट समरला निळसर छटेचे.

मला या खोलीचा राग होता. तो मी लपवलाही नाही.

मी पत्रकांवर वाढलेली मुलगी आहे. बाबा केंद्र सरकारच्या एका कार्यालयात होते आणि तिथल्या कर्मचारी संघटनेचे चिटणीस होते. लक्ष्मीबाई नगरच्या आमच्या क्वार्टरमध्ये जेवणाच्या टेबलावर ताटांच्या आधी पत्रकांचे गठ्ठे यायचे. शाईचा वास आणि फोडणीचा वास मला अजून वेगळे करता येत नाहीत. बाबा वाचून दाखवायचे, ताई घड्या घालायची, मी गठ्ठ्यांना दोरी बांधायची. पुढे ताई त्या टेबलावरून उठून गेली. मी तिथेच बसून राहिले. आजही मी पत्रकं लिहिते. कंत्राटी सफाई कामगारांसाठी लिहिते, भाडेकरूंसाठी लिहिते, आणि कुणी सांगितलं नसतानाही लिहिते.

त्यामुळे ताईने कोर्स करून हे रंगांचं काम सुरू केलं, तेव्हा मी जेवताना तोंड सोडलं. मयूर विहारच्या घरी, जिथे निवृत्तीनंतर आईबाबा राहायला आले आणि जिथे मी अजून राहते, तिथे त्या दिवशी ताई आली होती.

“गोऱ्या बायकांना आणखी गोरं दिसायला शिकवतेस तू.”

“गोरं नाही गं. स्वतःसारखं.”

“स्वतःसारखं दिसायला तक्ता लागतो? आणि तो तक्ता केला कुणी, कुणाचे चेहरे समोर ठेवून?”

“तुला ऐकायचंच नसतं यार. जा, पत्रक छाप माझ्यावर.”

“छापीनच.”

“शीर्षक काय देशील? द्वारकेतल्या रंगबाजीचा धिक्कार असो?”

आई वरण वाढता वाढता थांबून हसली. म्हणाली, “आणि त्या समरचे रंग थंड ना गं? धुक्यासारखे? ज्याने कुणी हे ठरवलं, त्याने दिल्लीचा जून पाहिलेला नाही.”

आई स्वतः त्या तक्त्यातली ‘लाइट’ होती. गोरी, घाऱ्या डोळ्यांची. केस तरुणपणी तपकिरी होते म्हणे, मग राखी झाले. भुवया इतक्या फिक्या, की लांबून दिसायच्याच नाहीत. कुणी गडद रंग नेसून तिच्या शेजारी बसलं, की ती पुसट व्हायची. आणि आयुष्यभर ती स्वतःच गडद रंग नेसत आली. सवाष्णीने पांढरट, फिकट नेसू नये, असं सासरी पहिल्याच महिन्यात सांगितलं गेलं. मग बाबा तिला दिल्लीला घेऊन आले. बाबा रूढी मानत नसत. त्यांनी तिला मंगळसूत्र काढायची मोकळीक दिली, उपास सोडवले, आणि साड्या मात्र लाल आणल्या. त्यांना तो रंग झेंड्याचा म्हणून आवडायचा. मिरवणुकीच्या दिवशी सांगायचे, “लाल नेस, म्हणजे मंचावरून मला दिसशील.” ती नेसायची. बाबा भाषण करता करता तिला गर्दीत शोधायचे, सापडली की आवाज चढायचा. मी लहान होते, पण हे मला कळायचं, आणि मला ते फार सुंदर वाटायचं. अजूनही वाटतं.

बाबा गेले. सहा महिन्यांनी आईने लाल साड्या जुन्या चादरीत बांधून कपाटाच्या वरच्या खणात ठेवल्या आणि स्वतः जाऊन तीन नव्या आणल्या. एक मोतिया, एक फिकट जांभळट, आणि एक निळी. निळी म्हणजे अगदी पाण्यात बुडवून काढल्यासारखी निळी. आम्ही दोघी बहिणी दिल्लीत वाढलेल्या, आमच्या तोंडी रंगांची नावं ‘लाइट ब्लू’ आणि ‘डार्क ब्लू’ यांच्या पुढे जात नाहीत. आई म्हणाली, “हा जवसाच्या फुलाचा रंग.” ती वर्ध्याकडची. तिकडे हिवाळ्यात जवसाची शेतं अशी निळी होतात म्हणाली, सकाळीच, उन्हं चढेपर्यंत.

मला त्यात जवस दिसला नाही. मला एक विधवा टप्प्याटप्प्याने पांढऱ्याकडे जाताना दिसली.

“आई, हे वैधव्याचे रंग आहेत.”

“हे नुसते रंग आहेत गं.”

मी बोलतच गेले. बाईच्या अंगावरचा रंग नवऱ्याच्या श्वासावर कसा ठरतो, तिला न विचारता तिच्याकडून काय काय काढून घेतलं जातं, आणि शेवटी तिलाच ते आवडायला कसं लागतं, हे सगळं बोलले. ते सगळं खरं होतं. आईने सगळं ऐकलं आणि म्हणाली, “अच्छा.” दिल्लीत इतकी वर्षं राहून तिने हा शब्द असा कमावला होता, की त्याच्यापुढे बोलणं संपायचं.

त्या हिवाळ्यात मी आमच्या सोसायटीतल्या मराठी घरांसाठी एक पत्रक लिहिलं. संक्रांतीनंतरच्या हळदीकुंकवाला विधवांनाही बोलवा, आणि त्यांनी रंगीत नेसून, कुंकू लावून यावं, असं. अकरा घरांच्या दारांखालून मी ते स्वतः सरकवलं. गंमत म्हणजे बायकांनी ऐकलं. बोलवायचं ठरलं. आता पहिली कोण येणार, तर माझी आई.

“येईन की,” आई म्हणाली. “निळी नेसून येईन.”

“निळी नेसून आलीस तर सगळ्या म्हणतील, विधवा विधवेसारखी आली. लाल नेस. बाबांची.”

“मला ती निळी एकदा बाहेर नेसायची आहे. घडीसुद्धा मोडलेली नाही तिची.”

तीन दिवस हेच चाललं. शेवटी तिनेच तोड काढली. “एकदा मला ताईच्या स्टुलावर बसवा. आरसा निळ्याला हो म्हणाला, तर तू गप्प बसायचं. नाही म्हणाला, तर मी लाल नेसते.”

डिसेंबर संपत आला होता. रविवारी आम्ही दोघी मेट्रोने द्वारकेला गेलो. आईला गाडीतच दमल्यासारखं झालं. ती सारखी मनगट खाजवत होती. मी म्हटलं, थंडीने कातडी कोरडी पडलीय, खोबरेल लाव.

ताईने दार उघडलं, खिडकीशी गेली आणि मान हलवली. बाहेर धुरकं असं साचलं होतं, की समोरची इमारत नुसती अंदाजाने कळत होती. सूर्य डब्याच्या पितळी झाकणासारखा.

“आज नको. हा उजेड पिवळा आहे, यात सगळं खोटं दिसतं. हवा साफ झाली की करू.”

“कार्यक्रम तीन आठवड्यांवर आलाय,” मी म्हणाले. “तुझं शास्त्र हवेवर चालतं का?”

“हो. उजेडावरच चालतं.”

“चलो, म्हणजे शास्त्र नाही ते.”

ताई चिडली, म्हणून तिने आईला बसवलं. हे मला नेमकं आठवतं. माझ्या बोलण्याने चिडून बसवलं.

फडकं बांधल्यावर आईचा चेहरा लहान दिसायला लागला. ताईने आधी पीच रंगाचा तुकडा धरला, मग लिंबू, मग फिकट गुलाबी, मग निळा. निळा धरल्यावर तिने तो काढला, पुन्हा धरला. आईला उठवून बाल्कनीत नेलं, परत आणलं. निळ्यावर आईचा चेहरा हळद चोळल्यासारखा दिसत होता. मलाही दिसलं ते.

“काहीतरी चुकतंय,” ताई म्हणाली. “मला कायम वाटायचं, तू लाइट समर. बिल्कुल. पण निळ्यावर तू पिवळी पडतेयस. पीचवर ठीक दिसतेस. हा उजेडच...”

“म्हणजे निळा शोभत नाही,” मी म्हणाले.

“मी तसं म्हटलेलं नाही.”

“आरशाने म्हटलं.” मी ढिगातून गडद लाल तुकडा उचलला आणि आईच्या हनुवटीखाली धरला. “हे बघ. दिसतंय का आता पिवळं?”

दिसत नव्हतं. लालापुढे चेहऱ्याकडे लक्षच जात नव्हतं.

“ते झाकलं जातंय फक्त,” ताई म्हणाली. “लालात आधी साडी येते, मग आई.”

आईने डोक्याचं फडकं स्वतःच सोडलं, त्याची नीट चौकोनी घडी केली आणि ताईच्या हातात दिली. “चला. हरले मी.”

परतीच्या मेट्रोत मी आनंदात होते. ताईच्याच तक्त्याने ताईला हरवलं होतं.

हळदीकुंकू सोसायटीच्या हॉलमध्ये झालं. आई बाबांची डाळिंबी साडी नेसून आली. ब्लाउज सैल झाला होता, तो तिने आतून पिना लावून बसवला. तिसऱ्या मजल्यावरच्या काकू दारातच म्हणाल्या, “अय्या, आज अगदी नवरी!” आई म्हणाली, “नवरा शोधा मग.” हशा झाला. कुंकवाचं तबक घेतलेली बाई आईपुढे येऊन क्षणभर थबकली, सगळ्यांकडे पाहिलं, आणि मग तिने बोट टेकवलं. मी फोटो काढला. आई लगेच खुर्चीत बसली. तिळगूळ तिने हातातच धरून ठेवला, खाल्ला नाही.

तो फोटो मी पुढच्या पत्रकावर छापला. वर ओळ घातली, रंगावर कुणाची मक्तेदारी नाही. पहिली प्रत आईला दिली. तिने चष्मा लावून बराच वेळ बघितली.

“साडी छान आली आहे,” ती म्हणाली.

फेब्रुवारीच्या सुरुवातीला दोन दिवस पाऊस झाला आणि हवा धुतली गेली. रविवारी सकाळी ताई आली. आई बाल्कनीत उन्हात मटार सोलत बसली होती. ताईने खांद्यावरची पिशवीसुद्धा खाली ठेवली नाही.

“आई, इकडे बघ. आता वर बघ.” तिने आईची खालची पापणी अंगठ्याने ओढली. डोळ्याचा पांढरा भाग पांढरा नव्हता.

“तो उजेड नव्हता,” ताई म्हणाली. ती माझ्याकडे बघत नव्हती.

दुसऱ्या दिवशी आम्ही हॉस्पिटलमध्ये होतो. कावीळ होती, पण ती वरची गोष्ट होती. स्वादुपिंडाच्या तोंडाशी गाठ होती आणि ती यकृतात पोचली होती. खाज त्याचीच, थकवा त्याचाच. मी खोबरेल लाव म्हटलं होतं. डॉक्टर बाई शांत होत्या. मी त्यांना एकटीने गाठून विचारलं, डिसेंबरात कळलं असतं तर? त्या म्हणाल्या, “फार फरक पडला नसता.” नंतर कळलं, ताईनेही त्यांना एकटीने गाठून हेच विचारलं होतं आणि तिलाही हेच उत्तर मिळालं. त्या वाक्यातल्या ‘फार’ या शब्दाशी आम्ही दोघी आपापल्या घरी भांडत असतो.

पित्ताला वाट करून द्यायला एक नळी घातली गेली. हॉस्पिटलचा गाऊन विटक्या हिरव्या रंगाचा होता. आई ताईला म्हणाली, “हा कुणी निवडला गं? त्याला बसव तुझ्या स्टुलावर.” ताई हसली आणि बाथरूममध्ये जाऊन बराच वेळ आलीच नाही.

मार्चमध्ये तिला घरी आणलं. एका सकाळी, आम्ही दोघी असताना, ती म्हणाली, “माझा निकाल राहिलाय.”

ताई म्हणाली, “आता नाही सांगता येणार, आई. आता तुझ्या अंगावर कुठलाच रंग खरं बोलणार नाही.”

“मग आठवून सांग.”

ताईने कपाटातून ती निळी साडी काढली. घडी अजून मोडलेली नव्हती. ती पलंगाच्या कडेला बसली, साडीचं एक टोक आईच्या हनुवटीखाली धरलं आणि तिच्याकडे बघत राहिली. मग सांगायला लागली. “लक्ष्मीबाई नगरला दिवाळीआधी तू भिंतींना चुना द्यायचीस. तेव्हा बाबांचा एक जुना शर्ट घालायचीस, साडीवरून. धुऊन धुऊन फिका निळा झालेला. नाकावर चुन्याचे ठिपके. मी शाळेतून यायची, आणि दारातून मला आधी तू दिसायचीस. शर्ट नंतर.” तिने टोक थोडं वर घेतलं. “लाइट समर. शंभर टक्के.”

“म्हणजे मी हरले नव्हते.”

“नव्हतीस.”

मी खिडकीपाशी उभी होते. आईने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. “तुझ्या बाबांना मी गर्दीत दिसावं, म्हणून लाल नेसले. तुला पत्रकात दिसावं, म्हणून नेसले. दिसले ना नीट?”

त्यात राग नव्हता. तिने खरंच विचारलं होतं.

नेसायची ताकद तिच्यात उरली नव्हती. त्यानंतर रोज सकाळी आम्ही ती साडी तिच्या अंगावर चादरीसारखी पसरायचो, गाऊनवरून. ती काठावर बोट फिरवत पडून राहायची. मला कितीदा तरी माफी मागायची होती. मला घोषणा लिहिता येतात, मागण्या लिहिता येतात. हे वाक्य मला लिहितासुद्धा येत नव्हतं, बोलणं दूरच. मी तिच्या पायांना खोबरेल लावत राहिले.

एप्रिलच्या शेवटी, सकाळी, ती गेली.

विधवांना कुंकू नाकारणाऱ्यांशी मी आजही भांडते. पत्रकातला एकही शब्द मी मागे घेतलेला नाही. पण बाईला तिच्या अंगावर काय हवंय ते कुणी विचारत नाही, असं लिहिणाऱ्या मीही विचारलं नव्हतं. तिने न विचारता सांगितलं, तेही मी ऐकलं नाही. तिच्या सासरच्यांनी तिला गडद नेसवलं, बाबांनी लाल नेसवलं, आणि मग मी. मधे थोडेच महिने होते, ज्यांत तिने दुकानात जाऊन स्वतःच्या हाताने तीन साड्या निवडल्या.

त्या सकाळी नातेवाईकांचे फोन येत होते. एका मावशीने सांगितलं, पांढरं कोरं वस्त्र लागेल. तिसऱ्या मजल्यावरच्या काकू ते घेऊनच आल्या. ते मी बाजूला ठेवलं. ताईने आणि मी मिळून आईला निळी साडी नेसवली. एका बाजूने तिने निऱ्या धरल्या, दुसऱ्या बाजूने मी. उन्हात त्या साडीचा रंग इतका फिका दिसत होता, की न ठाऊक असलेल्याला पांढरीच वाटली असती.

काकूंना वाटली. त्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि हळू आवाजात म्हणाल्या, “बरं केलंस गं. एवढं पत्रक काढलंस, पण शेवटी रीत पाळलीस.”

उत्तर माझ्या तोंडात तयार होतं. पूर्ण, धारदार, दोन परिच्छेदांचं. ताईने माझ्याकडे पाहिलं. खाली वाकून मी साडीचा काठ आईच्या हनुवटीखाली सारखा केला, ताई तुकडा धरते तसा. त्या निळ्यावर चेहरा पिवळाच होता.

बाहेर हवा स्वच्छ होती. ताई उठली आणि तिने पडदा पूर्ण बाजूला सारला.